कोट चढवणारे बाबाराव

महाल भागातल्या आमच्या लोहारगल्लीत माणूस मरत नाही, त्याला कोट चढतो. "गणपतरावाले कोट चढला" असं कोणी सांगितलं की आम्ही समजायचं ते समजतो आणि पायात चपला घालतो. नव्या सुना फसतात. एकीनं विचारलं होतं, "कोणाच्या लग्नासाठी वं?" तिच्या सासूनं तिला अजून माफ केलेलं नाही.

हा शब्द आम्हाला दिला बाबाराव उमाठ्यांनी. त्यांची गोष्ट सांगतो. मी सांगताना तिखटमीठ लावतो असा माझ्यावर गल्लीचा जुना आरोप आहे. या गोष्टीत लावायची गरजच पडली नाही. आणि आधीच कबूल करतो, या गोष्टीत थोडा सूड माझाही आहे. तेव्हा दोन्ही बाजू तोलून वगैरे सांगणाऱ्याकडे जायचं असेल तर खुशाल जा.

बाबाराव सरकारी नकाशांच्या कचेरीत ट्रेसर होते. शेतं, शिवा, नाले, पांदणी जुन्या नकाशावरून नव्यावर उतरवायच्या, हे काम. लहान नकाशा मोठा करायचा असला की त्याच्यावर चौकड्या आखायच्या, मोठ्या कागदावर तेवढ्याच मोठ्या चौकड्या पाडायच्या आणि एकेका चौकडीत जे दिसेल ते तसंच्या तसं काढायचं. माणूस बुटका, मान पुढं झुकलेली, बोलायला महाकंजूष. त्यांचा ओटा माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानासमोर, मधे आठ पावलांची गल्ली. मी डोळ्याला भिंग लावून बसायचो, म्हणून लोकांना वाटायचं मी घड्याळात पाहतो.

एकसष्ट साली त्यांची बायको देवकी काविळीनं गेली. मुलगी पुष्पलता तेव्हा चार वर्षांची. देवकीबाई गल्लीच्या वाचनालयात रोज दुपारी बायकांना लिहायला-वाचायला शिकवायच्या. माझ्या आईचा अंगठा जाऊन सही आली ती त्यांच्यामुळं. त्या गेल्या आणि मग लक्षात आलं की घरात त्यांचा फोटोच नाही. कोणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा एक होता, त्यात तोंड तुरीच्या डाळीएवढं. बाबारावांनी त्याच्यावर काच ठेवली, काचेवर चौकड्या ओढल्या. इतवारीतून चहाच्या रिकाम्या पेटीचा प्लाय आणला, त्यावर चौसष्ट चौकड्या आखल्या आणि नकाशातलं शेत मोठं करावं तशी बायको मोठी केली. तीन महिने लागले.

चित्र कसं होतं? मी जाणकार नाही. नाक जरा शिवेवरच्या दगडासारखं ताठ आलं होतं. पण पोरगी समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आई." त्यापुढं नाकाबद्दल कोण बोलणार?

मग गल्ली त्यांच्या ओट्यावर येऊ लागली. ज्याच्या घरी कोणी गेलं, तो फोटो घेऊन हजर. कोणी बसच्या पासवरचा, कोणी शाळेच्या घोळक्यातला, कोणी अर्धा फाटलेला. बाबाराव फक्त म्हणायचे, "ठेवा. प्लाय आणून द्या." महिना-दोन महिन्यांनी तसबीर तयार. त्या कामासाठी त्यांनी कोणाच्या घरचा चहासुद्धा घेतला नाही.

आता कोटाचं. फोटोत तोंडाखालचं काही धड दिसायचं नाही. बाबारावांकडे कचेरीत घालायचा एकच तपकिरी कोट होता. तो खुंटीला टांगायचा आणि त्याच्याकडं पाहून रंगवायचं. त्यामुळे पोस्टमन, पहिलवान, पानवाला, जन्मभर उघड्या अंगानं भट्टीसमोर बसलेला लोहार, सगळ्यांना मेल्यावर तपकिरी कोट. बायांना देवकीबाईंची हिरवी साडी. माझे वडील पासष्ट साली गेले. हयातीत कोटाच्या बाहीत हात घातला नव्हता. तसबिरीत असे बसले होते जसे हाताखाली दहा कारकून आहेत. आई त्यांच्याकडं पाहून म्हणायची, "असे राह्यले असते तं काय बिघडलं असतं?"

एक नेम मात्र त्यांचा पक्का होता. जित्या माणसाचं चित्र काढायचं नाही. एका मास्तरानं हौसेनं विचारलं तर म्हणाले, "घाई काहून करून राहिले गा, मास्तर? तुमचा बी नंबर येईन." मास्तर पुढं महिनाभर मागच्या गल्लीनं शाळेत गेला.

घराघरांत तसबिरी लावायला जागा कुठली? म्हणून त्या वाचनालयाच्या सभागृहात लागल्या. देवकीबाईंची पहिली, बायकांच्या बाकाच्या वर. एकाहत्तर सालापर्यंत त्रेचाळीस झाल्या. बाकीच्या शहरात भिंतीवर चढायला थोर व्हावं लागतं. आमच्याकडं नुसतं मेलं की झालं. त्यात जिजाबाई सुईण होती, जिनं अर्धी गल्ली आपल्या हातानं जगात आणली. धरमपेठेतून एक प्रोफेसर खास पाहायला आले, तासभर फिरले आणि जाताना प्रत्येक तसबिरीला हात जोडून गेले. आमची पोरं त्या भिंतीवरच नाती शिकली. "हा कोण? हा तुह्या आजाचा भाऊ. याचं नाक पाह्य, अन् तुहं पाह्य."

आता मधुकरराव डांगोरे. गल्लीच्या तोंडाशी त्यांची लाकूड चिरायची आरामशीन होती आणि आवाजही त्याच यंत्रातून काढून आणलेला. कपडे बगळ्यासारखे. वाचनालयाचे अध्यक्ष (चिटणीस मी, नावापुरता), पुस्तक हातात घेतलेलं मी पाहिलं नाही, पण अध्यक्षाला त्याची गरज नसते. एकाहत्तरच्या दिवाळीत त्यांनी सभागृहाचं रंगकाम काढलं. रंग वाळेपर्यंत म्हणून तसबिरी उतरवून आरामशीनच्या शेडमध्ये ठेवल्या. रंग वाळला, हिवाळा गेला, भिंतीवर मधोमध डांगोऱ्यांच्या नावाची पाटी आली आणि सभागृह लग्नाकार्याला द्यायला सुरुवात झाली.

बाबाराव तीनदा विचारायला गेले. तिसऱ्यांदा मीही सोबत होतो.

"लावू नं, बाबाराव," डांगोरे म्हणाले. "मेलेले लोक कुठं पळून चालले का? अन् लग्नाच्या घरी मेलेल्याची तोंडं कोण पाह्यते, तुम्हीच सांगा."

"वाचनालय लग्नाचं घर कवापासून झालं?" बाबारावांनी विचारलं.

"मी अध्यक्ष झालो तवापासून," डांगोरे हसून म्हणाले, आणि आरामशीन सुरू करायला सांगितली, म्हणजे पुढचं काही ऐकू यायला नको.

बहात्तरच्या मे महिन्यात डांगोऱ्यांच्या मुलीचं लग्न त्याच सभागृहात लागलं. अख्ख्या गल्लीला बोलावणं. उन्हानं डांबर वितळत होतं, आत गारव्यासाठी खसच्या ताट्यांवर पाणी मारत होते. मी स्टीलचा डबा घेऊन नवरानवरीला द्यायला मंचावर चढलो. समोर वराकडची मंडळी बुटांसकट उभी. कोणाच्या तरी बुटात अडकून सतरंजीची कड उलटली आणि तिच्याखालून माझे वडील माझ्याकडं पाहू लागले. तपकिरी कोट, दहा कारकुनांचा साहेब, आणि मिशीवर एक काळा बूट.

मी डबा तिथंच ठेवला आणि धावत बाबारावांना पंगतीतून उठवून आणलं. त्यांनी वाकून सतरंजीची कड धरली आणि हळूहळू गुंडाळत नेली. मंचाच्या फळ्यांमधल्या फटी झाकायला वरून आमची सगळी माणसं अंथरली होती. पोस्टमन, पहिलवान, लोहार. जिजाबाईच्या गालावर टाचेचा खड्डा.

डांगोरे धावत आले. "काय झालं गा? लग्नाच्या टायमाले काय लावलं हे?"

"हे लोक खाली कसे?"

"फळ्यांत फटी होत्या. नवरीचा पाय अटकला असता तं? तुमचे प्लाय कामी आले, बाबाराव. पुण्य लागन त्याहिले."

"देवकी कुठं आहे?"

"असन कुठंतरी," डांगोरे म्हणाले. "नवरदेवाच्या खुर्चीखाली पाहा." आणि व्याह्यांकडं पाहून हसले. व्याहीही हसले.

बाबाराव खुर्चीखाली पाहायला गेले नाहीत. त्यांनी नवरानवरीला हात जोडले, सतरंजी होती तशी नीट पसरली आणि घरी गेले. मीही गेलो. त्याआधी मी दोन जिलब्या खाल्ल्या होत्या. त्यापायी स्वतःचा राग मला अजून आहे.

जूनच्या पहिल्या शनिवारी सकाळी बाबारावांच्या ओट्यावर नवा प्लाय उभा दिसला. चौसष्ट चौकड्या आखलेल्या. खुंटीवर कोट. मी भिंग काढून आठ पावलं ओलांडली.

"कोण गेलं, बाबाराव?"

"अजून कोणी नाही."

मी पाहिलं. वाचनालयाच्या अहवालातला अध्यक्षांचा फोटो, त्यावर काच, काचेवर चौकड्या. वर्षानुवर्षांत एवढी चांगली बातमी माझ्या हाती आली नव्हती.

"रोज एक चौकडी काढीन," बाबाराव म्हणाले. "खालून वर. डावा डोळा सगळ्यात शेवटी. लोक परत भिंतीवर लागले, देवकीसकट, तं मी थांबीन. नाही तं नाही. वामनराव, तुमाले ज्याले सांगायचं त्याले सांगा."

असा मान मला जन्मात कोणी दिला नव्हता. मी दुकानाबाहेर पाटी टांगली. पाटीवर खडूनं रोजचा आकडा: शिल्लक त्रेसष्ट. शिल्लक बासष्ट. घड्याळ दुरुस्त करायला आलेला माणूस आधी पाटी वाचायचा. भाजीवाली डोक्यावरची टोपली न उतरवता विचारायची, "आज काय झालं गा मधुकररावाचं?" "कोपर झालं, मावशी." "देवा बाप्पा!" आणि हसत पुढं जायची. गल्लीतल्या प्रत्येक घराचं कोणी ना कोणी त्या सतरंजीखाली गेलेलं होतं, हे लक्षात ठेवा.

डांगोरे आधी हसले. मग त्यांनी आरामशीनचा रस्ता बदलला. मग बाबारावांच्या कचेरीत लेखी तक्रार केली. तिथल्या साहेबानं बाबारावांना बोलावलं आणि विचारलं, "हे डांगोरे जिवंत आहेत?" "आहेत साहेब." "मग तक्रार कशाची आहे?" साहेबानं कागद परत पाठवला.

बत्तीस दिवसांत बत्तीस चौकड्या भरल्या. खालच्या चार रांगा, म्हणजे छाती, खांदे, बाह्या. थोडक्यात, मधुकररावांना कोट चढला. तोंडाच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकड्या आणि खाली टापटीप तपकिरी कोट. ते पाहून मलाही जरा कसंतरी झालं, पण पाटी मी लिहिली.

आणि इथंच गंमत झाली. आमच्या गल्लीतला एक जण उमरेडच्या बाजाराला गेला. तिथं डांगोऱ्यांची बहीण कौसल्या दिलेली. तिनं विचारलं, "दादाचं कसं काय?" यानं सरळ मनानं सांगितलं, "कोट चढला नं काल." कौसल्याबाई याच गल्लीची लेक, तिला शब्दाचा अर्थ सांगायला नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती दोन नणंदांना घेऊन उतरली आणि गल्लीच्या तोंडापासून गळा काढला. "दादा रेऽ, मले न भेटताच गेला रेऽ!" डांगोरे ओट्यावर बसून तर्री-पोहे खात होते. कौसल्याबाईंनी पाहिलं आणि त्या तिथंच मटकन बसल्या. नणंदा रामराम म्हणत मागं सरल्या. डांगोऱ्यांच्या हातातली बशी वाकडी होऊन तर्री पांढऱ्या धोतरावर गेली.

"मी जित्ता हावो! जित्ता!" ते ओरडले.

"मंग त्यानं काहून सांगितलं कोट चढला म्हणून?"

कोणीतरी तिला बाबारावांच्या ओट्यावर नेऊन चित्र दाखवलं. तिनं कोट पाहिला, रिकामं तोंड पाहिलं आणि पुन्हा रडायला लागली. या वेळी जास्त मनापासून. "बाबारावभाऊनं सुरू केलं म्हणजे आता राह्यलं काय, वं माय!" त्या दिवशी डांगोऱ्यांचं उरलंसुरलं हसू गेलं. आधी ते छातीत दुखते म्हणाले, मग पाठीत, मग रामदासपेठेतल्या मोठ्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी सांगितलं काही नाही. मी ही बातमी गल्लीत अशी सांगितली, की डॉक्टर काहीच सांगायला तयार नाहीत.

मग त्यांची बायको यमुताई आल्या. डोक्यावरून पदर, डोळे सुजलेले.

"भाऊ, माह्या कुंकवाकडं पाहा."

बाबारावांनी ब्रश खाली ठेवला. "वहिनी, तुमचं कुंकू जिथल्या तिथं आहे. घरी जेवते, घोरते. माही देवकी कुठं आहे तेवढं विचारा त्याले."

"अन् हे काढून तुमची देवकीबाई येईन का?"

"नाही येईन. पण तिच्यावर पाय देणाऱ्याले झोप बी नाही येईन."

यमुताई बराच वेळ त्या अर्ध्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. देवकीबाईंच्या हाताखाली त्यांनीही अक्षर गिरवलं होतं. यमुताई घरी परतल्या, आणि त्या दिवसापासून डांगोऱ्यांच्या घरी स्वयंपाक व्हायचा, पण वाढायला कोणी बसायचं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझ्या पाटीवर एक आकडा उरला. एक. एकवीस नंबरची चौकडी, डावा डोळा. बाबारावांनी कचेरीतून रजा घेतली. सकाळी दहाला त्यांनी ओट्यावर बसून काळा रंग कालवायला घेतला. आख्खी गल्ली जमली होती. कोणाला खरंच वाटत होतं की डोळा भरला की डांगोरे जाणार? विचाराल तर सगळे नाही म्हणतील. पण घरी कोणी थांबलं नव्हतं.

रंग कालवून होतो न होतो तोच गल्लीच्या तोंडाशी बंडी खडखडली. बंडीवर प्लायचा ढीग, आणि बंडी ओढायला माणूस असून डांगोरे स्वतः मागून ढकलत होते.

"थांबा, बाबाराव," ते म्हणाले. "आणले."

"पुसून लावा," बाबाराव म्हणाले.

"माणूस लावतो नं—"

"तुम्ही पुसा."

वाचनालयात डांगोऱ्यांनी बाह्या सारल्या आणि ओल्या फडक्यानं एकेक तोंड पुसायला घेतलं. बाबाराव बाकावर बसून बोटानं दाखवत होते. "नाकाखाली राह्यलं. हं. कानामागं." माझ्या वडिलांच्या मिशीवरचा बुटाचा डाग निघता निघेना, मी डांगोऱ्यांना तीन वेळा पुसायला लावला. तिसऱ्या वेळी तो निघालेला होता. जिजाबाई आली तेव्हा बाबाराव म्हणाले, "हिनं तुमाले पायाले धरून उलटं टांगलं होतं, पाठीत चापट मारली होती, तवा तुम्ही श्वास घेतला. पुसा." डांगोऱ्यांनी पुसली. खड्डा गालावर तसाच राहिला.

संध्याकाळपर्यंत बेचाळीस तसबिरी भिंतीवर लागल्या. बायकांच्या बाकावरची जागा रिकामी.

"देवकी?"

डांगोऱ्यांचा आवाज पहिल्यांदाच आरामशीनचा नव्हता. "मंडपवाल्यानं फळ्यांसोबत नेली. त्याच्याकडं गेलो होतो, आईची शपथ. त्याचा बी माल इकडंतिकडं विकल्या गेला. सापडून नाही राहिली. शोधतो मी, बाबाराव. डोळा नका भरू."

बाबाराव उठले. डोळा भरला नाही. त्यांनी वाचनालयाचं ठरावांचं बुक मागवलं आणि नकाशाखाली लिहितात तसल्या सुबक अक्षरात लिहिलं: 'श्री. डांगोरे यांची तसबीर अपूर्ण अवस्थेत सभागृहाच्या दारावर, चपला काढण्याच्या जागी लावण्यात यावी. कै. सौ. देवकीबाई उमाठे यांची तसबीर सापडून भिंतीवर लागल्यानंतर श्री. डांगोरे यांची तसबीर चित्रकार बाबाराव उमाठे स्वहस्ते उतरवतील.' डांगोऱ्यांनी फक्त शेवटचा शब्द वाचला, 'उतरवतील', आणि अध्यक्ष म्हणून सही ठोकली. खाली चिटणीस म्हणून माझी.

पुढच्या फेब्रुवारीत मी जरीपटक्याच्या बाजारात एका जुन्या भिंतीवरच्या घड्याळासाठी गेलो होतो. एका सिंधी बाईच्या अंगणात पापड वाळत होते, एका प्लायवर. चहाच्या पेटीचा छाप ओळखीचा वाटला. मी म्हटलं, माताजी, जरा उलटं करता का? तिनं पापड काढले, उलटलं. हिरवी साडी, ताठ नाक. पालथी पडून होती म्हणून ऊन लागलं नव्हतं, रंग जसाच्या तसा. मी तिला बदल्यात मनगटावरचं घड्याळ काढून दिलं आणि देवकीबाईंना चादरीत गुंडाळून सायकलवर घरी आणलं.

बाबारावांनी चादर सोडली. नाकावरून अंगठा फिरवला.

मीच म्हटलं, "चला, आत्ताच लावू. गल्लीले बोलावतो."

"नाही," ते म्हणाले. "त्यानं म्हटलं होतं नं, असन कुठंतरी. आता पाहू दे त्याले कुठंतरी."

पुष्पलता तेव्हा सोळा वर्षांची. ती दारात उभी होती. "बाबा, तुमच्या रागापायी आई कोठीमागं बसन का? तिची जागा बायकांच्या बाकावर आहे."

"त्याच्या सतरंजीखाली बसली तवा जागा आठवली नाही त्याले."

"त्याले नाही आठवली. तुमाले तं आठवते नं?"

देवकीबाई ट्रेसिंगच्या कापडात गुंडाळून तांदळाच्या कोठीमागं गेल्या. पुष्पलता वडिलांशी महिनाभर नीट बोलली नाही. मला वाटतं, पोरीचं बरोबर होतं. पण मी गप्प राहिलो, कारण तमाशा फार रंगला होता आणि त्या काळ्या बुटाचा मला अजून विसर पडला नव्हता.

आणि डांगोऱ्यांनी शोधलं म्हणजे किती शोधलं! कोणी म्हटलं कळमन्याच्या गोदामात जुने प्लाय आहेत, की ते निघाले. इतवारीतले मंडपवाले त्यांना पाहून दार लावायचे. जरीपटक्यात एका घरी त्यांनी न्हाणीचं दार काढून पाहिलं. आत कोण होतं ते सांगत नाही, पण डोक्यावर पट्टी बांधून परत आले. मी मधूनमधून मदत करायचो. "कामठीत एका हॉटेलात हिरव्या साडीची बाई पाह्यल्यासारखी वाटली गा." ते भर उन्हात कामठीला. परत येऊन म्हणायचे, "देवीचं चित्र होतं हो." मी म्हणायचो, "असन कुठंतरी."

चपलांच्या जागेवर मात्र ते रोज डोकावून जायचे, एकवीस नंबरची चौकडी रिकामी आहे ना ते पाहायला. एकदा कोणा कारट्यानं तिच्यात पेन्सिलनं बुबुळ काढलं. डांगोरे तीन दिवस तापानं पडले. शेवटी बाबारावांनीच रबर घेऊन ते पुसलं. "इतक्या लवकर सोडत नाही त्याले," मला म्हणाले.

एरवी त्यांचं काम चालूच होतं. अठ्ठ्याहत्तरला सेवानिवृत्त झाले, भिंत पुरेना म्हणून पलीकडच्या खोलीतही तसबिरी गेल्या. शहराच्या कुठल्याशा कमिटीनं येऊन यादी केली, 'सामान्य नागरिकांचे दालन' असं नाव दिलं आणि छपराला नवे पत्रे घालून दिले. बाबाराव म्हणाले, पत्रे चांगले आहेत.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत ते झोपेतच गेले. चौकड्या पाडणारा दुसरा कोणी नव्हता, त्यामुळे त्यांची तसबीर झाली नाही. तेरावा झाल्यावर पुष्पलता, आता शिक्षिका, दोन मुलांची आई, कोठीमागून आईला घेऊन वाचनालयात आली. खिळा मी ठोकला. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी पदरानं डोळे पुसले. पुष्पलता आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अकरा वर्षं उशीर झाला."

बातमी मी सांगायच्या आत पसरली. भर दुपारी डांगोरे काठी टेकत आले. सत्तरीचे झाले होते, कपडे तेच पांढरे, आत माणूस निम्मा. देवकीबाईंसमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जसा मुलीच्या लग्नातही उजळला नसेल.

"सापडली! सापडली नं! चला वामनराव, आता माही उतरवा."

मी ठरावांचं बुक काढलं, पान उघडून पुढं सरकवलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावला.

"स्वहस्ते," मी वाचून दाखवलं. "बाबारावांच्या हातानं उतरायची आहे. ते हात आता आणायचे कुठून, ते तुम्ही सांगा."

"ठराव बदलता येते."

"येते. सर्वसाधारण सभा घ्या. ज्याच्या घरचं माणूस तुमच्या सतरंजीखाली होतं, त्यानं हात वर करू नये असं सांगू. मंग पाहू किती हात वर येतात."

ते पुष्पलताकडं वळले. ती आईच्या तसबिरीची चौकट सरळ करत राहिली. मग त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, "कुठं सापडली हो?"

खोटं बोलायची सोय होती. मी खरं सांगितलं, कारण या वेळी खरंच जास्त लागणार होतं. "बाबारावांच्या घरी. तांदळाच्या कोठीमागं. त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीपासून."

त्यांनी मनातल्या मनात कळमना, इतवारी, कामठी असं काहीतरी मोजलं असावं, कारण ओठ हलत होते. मग बायकांच्या बाकावर, देवकीबाईंच्या खाली, ते बसले. जानेवारी असूनही कपाळाला घाम होता.

"थोडं पाणी देता का, वामनराव?"

माठ कोपऱ्यात होता, भरलेला, वर पेला पालथा. मी बुक मिटलं आणि त्यांना बोटानं माठ दाखवला.